कालव्याचा उतार आणि माझी दुनळी

इंजिन उघडून परत बसवलं की एखादा नट हातात उरतोच. गाडी झकास चालते, आवाज येत नाही, धूर येत नाही, पण नट उरतो. तो फेकवत नाही. मी वनस्पती तुपाच्या डब्यात टाकते. असे तीन डबे भरलेत. किश्श्यांचंही तेच झालं. माणूस आपली गाडी घेऊन जातो, किस्सा इथेच माझ्याकडे पडून राहतो. आता वय झालं, डबे रिकामे करायला घेतलेत.

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं डिझेल इंजिनाने शिकवलं. इंग्रजी मी स्पेअर पार्टच्या खोक्यांवरून शिकले. त्यामुळे मला इंग्रजीत 'गॅस्केट' लिहिता येतं, 'मांजर' लिहिता येत नाही. अजून तरी एकाही गिऱ्हाइकाने मांजर दुरुस्तीला आणलेलं नाही.

नवरा गेला तो एक्क्याण्णव साली. मागे दोन गोष्टी ठेवून गेला: निफाडच्या अलीकडे, औरंगाबाद रोडला लागून असलेलं पत्र्याचं गॅरेज, आणि एक दुनळी बंदूक, बारा बोअरची. तेराव्याला जेवायला बसलेल्या प्रत्येक पुरुषाने मनातल्या मनात दोन्ही वस्तू माझ्या दिरांना, नाना भावजींना, देऊन टाकल्या होत्या. मी दोन्ही दिल्या नाहीत. बंदूक सोडली असती तर दुसऱ्या दिवशी शटरची किल्ली मागितली असती, एवढं गणित मला चौथीपर्यंतच्या शिक्षणातही जमत होतं.

*

बाहेरच्या माणसाला निफाडची थंडी सांगून पटत नाही. मुंबईचे पाहुणे म्हणतात, 'नाशिकला कसा छान गारवा असतो.' डिसेंबरात पहाटे या म्हणावं. द्राक्षाच्या पानावरचं दव काचेसारखं कडक होतं. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. अशा वेळी डिझेल काकवीसारखं घट्ट होतं. सेल्फ मारला की इंजिन आजारी म्हशीसारखं कण्हतं, मग बॅटरी बसते, मग ड्रायव्हरही खाली बसतो.

यावर औषध एकच, उतार. पण आमचा सगळा मुलूख ताटासारखा सपाट. पाच-सहा गावांत मिळून उतार एकच, कालव्याच्या पुलावरून खाली माझ्या गॅरेजपर्यंत येणारा अरुंद रस्ता. थंडी पडली की संध्याकाळी सगळे आपापल्या गाड्या तिथे तोंड खाली करून, एकामागे एक लावून जायचे. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी गडगडत खाली आली की दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा. सुरू झाली तर थेट नाशिक. नाही झाली तर थेट माझं गॅरेज. दोन्हीकडून सोय.

उतारावर जागा धरण्यासाठी लोक दुपारीच दगड ठेवून जायचे. दगडावर चुन्याने नाव. सरकारी रस्ता, सरकारी कालवा, पण दगड खासगी.

पुलापलीकडच्या दोन भावांची वाटणी झाली. पंच बसले. विहीर, बाग, गोठा, सगळं नीट वाटलं. शेवटी उरली जीप आणि उतारावरचा दगड. पंचांनी न्याय केला: धाकट्याला जीप, थोरल्याला दगड. दोघांनी अंगठे उठवले. तो सबंध हिवाळा थोरला रोज सकाळी उतारावर आपल्या दगडापाशी येऊन उभा राहायचा आणि धाकटा घरी आपल्या जीपमध्ये बसून राहायचा. मी थोरल्याला म्हटलं, "अरे, त्याला लावू दे की गाडी तिथे." तर म्हणाला, "आक्का, दगड वडिलांनी ठेवलेला हाय."

*

उतारावरचा पहिला दगड गुलाबरावांचा. गुलाबराव म्हणजे आमच्या भागातले मोठे बागायतदार. त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती आणि तिच्यावर त्यांचा इतका जीव होता की घरातली चांगली गोधडी जीपच्या बॉनेटवर असायची. त्यांच्या कारभारणीने एकदा माझ्याकडे तक्रार केली, की सासरे फाटक्या गोधडीत कुडकुडतात आणि जीप नव्या गोधडीत झोपते. मी गुलाबरावांना सगळ्यांदेखत विचारलं.

ते म्हणाले, "आक्का, आमचा म्हातारा धक्का न मारता उठतो."

घरात पहाटे बंब तापला की पहिली बादली जीपच्या रेडिएटरला. हा नेम. त्यांच्या लेकीच्या लग्नानंतरची पहिली संक्रांत, नवा जावई मुंबईहून आला. बिचारा पहाटे सहाला टॉवेल गुंडाळून, दात वाजवत न्हाणीच्या दाराशी उभा. डोळ्यांसमोरून सासरे वाफाळती बादली घेऊन गेले, अंगणातून उतारावर. जावई वाट पाहत राहिला. दुसरी बादलीही गेली. तिसरीला त्याने टॉवेलसकट सासऱ्यांचा पाठलाग केला. उतारावर पोहोचला आणि बघतो तर सासरे जीपला पाणी घालून, वर अंग पुसून देताहेत.

जावई जीपच्या शेजारी जाऊन, टॉवेल गुंडाळून, रांगेत उभा राहिला.

*

आता बंदुकीचं सांगते. नवऱ्याच्या नावचा परवाना माझ्या नावावर करायचा म्हणून मी अर्ज घेऊन परवान्याच्या कचेरीत गेले. नाना भावजी सोबत आले. सोबत म्हणजे साहेबांना हळूच सांगायला, की बाईमाणसाला बंदूक देऊ नका.

अर्जात एक रकाना होता: 'कोणापासून धोका आहे?' मी तो रिकामा ठेवला. कारकून म्हणाला, रिकामा चालत नाही, नाव लिहावंच लागेल. मी विचारलं, खरं लिहू? म्हणाला, खरंच लिहायचं असतं. मी नाना भावजींचं पूर्ण नाव लिहिलं, पत्त्यासकट.

शेवटच्या पानावर दुसरा रकाना: 'अर्जदारास चांगले ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही.' कारकुनाने आजूबाजूला पाहिलं. सोबत एकच माणूस होता. त्याने भावजींना विचारलं, "प्रतिष्ठित आहात का?" आता यावर 'नाही' कोण म्हणेल? भावजींनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, वळणदार सही केली आणि आधीचं काही वाचलं नाही. साहेबांना जे सांगायचं होतं तेही त्या आनंदात विसरले.

आठ-पंधरा दिवसांनी आमच्या ठाण्यातले हवालदार तांबे चौकशीला भावजींच्या घरी गेले. तांबे म्हणजे साधा, सरळ, कागदावर लिहिलंय तेवढंच विचारणारा माणूस. त्यांनी आधी शेवटचं पान उघडलं. बाई कशी आहे? भावजी म्हणाले, सोन्यासारखी, शब्दाला पक्की, एकदा ठरवलं की करणारच. तांब्यांनी लिहून घेतलं. मग पहिलं पान उघडलं आणि त्याच सुरात विचारलं, की तुमच्यापासून त्यांना धोका आहे असं दिसतंय, तो काय प्रकारचा?

भावजींनी ते पान हातात घेऊन पहिल्यांदा वाचलं. मग म्हणाले, "तांबेसाहेब, तिला बंदूक द्यायचं पक्कं झालंय का? मग मला बंदोबस्त मिळंल का?"

परवाना मिळाला. बंदोबस्त नाही मिळाला.

*

ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांना हे माहीत नसतं, पण निवडणूक लागली की परवानाधारकाला आपली बंदूक ठाण्यात नेऊन जमा करावी लागते. निकाल लागला की परत आणायची. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, निवडणुका अशा लागल्या की बंदूक घरी कमी आणि माहेरी जास्त. शिवाय अठ्ठ्याण्णवची ऐन थंडीत.

मला त्याची चीड यायची. ठाण्याच्या कोठडीत जप्तीच्या सायकलींशेजारी, हातभट्टीच्या फुटक्या भांड्यांशेजारी माझी बंदूक ओलीत उभी. मी दर सोमवारी जायचे, तेलाची कुपी आणि फडकं घेऊन. तांबे कुलूप काढून द्यायचे आणि भेटीची वेळ संपली की घड्याळ दाखवायचे. एकदा बाहेर बसलेल्या एका बाईने मला विचारलं, तिचा नवरा आत होता, की तुमचं कोण आत आहे? मी म्हटलं, बंदूक. तिने समजुतीने मान हलवली. "आमचंही काय बोलत नाय," म्हणाली.

गुलाबरावांची गोष्ट उलटी. त्यांच्याकडेही एक बंदूक होती, पण ती वर्षभर कपाटात. लोकांना ती दिसायची फक्त जमा करायला नेताना. म्हणून निवडणूक लागली की गुलाबराव दाढी करायचे, पांढरे कपडे, फेटा घालायचे आणि जीपमधून, बंदूक उभी धरून, अख्ख्या गावातून मिरवत ठाण्यात जायचे. उमेदवारांपेक्षा प्रचार जास्त.

अठ्ठ्याण्णवला असेच निघाले आणि हमरस्त्यावर, ऐन धुक्यात, जीप बंद पडली. धक्का मारायला माणूस हवा. गुलाबराव खाली उतरले, बंदूक खांद्याला, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात वर केला. पहिल्या दोन गाड्या त्यांना बघून धुक्यात जागच्या जागी वळून परत गेल्या. तिसरा लासलगावचा कांद्याचा टेम्पो, त्याला वळता आलं नाही. टेम्पोवाला खाली उतरला आणि एक शब्द न बोलता हातातलं घड्याळ काढून दिलं.

गुलाबराव म्हणाले, "घड्याळ नको रे, धक्का दे."

टेम्पोवाल्याने अंगठी काढून दिली. गुलाबरावांनी ती परत केली आणि पुन्हा समजावलं, की बाबा, जीप ढकलायची आहे. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो जीपच्या मागे गेला, छाती जीपला लावली आणि छातीनेच ढकलायला लागला. पन्नास-साठ पावलं गेल्यावर अदबीने विचारलं, "मालक, हात खाली घेतले तर चालतील का?"

*

पोलिसांच्या जीपचंही मीच बघायचे. तिचे हीटर प्लग, म्हणजे थंडीत इंजिन आतून तापवणाऱ्या कांड्या, बदला म्हणून मी दोन हिवाळे सांगत होते. वरून मंजुरी येईपर्यंत तीही कालव्याच्या उतारावर लागायची, दगडावर चुन्याने 'पोलीस'.

एका सकाळी त्यांना एक आरोपी नाशिकच्या कोर्टात न्यायचा होता. आरोपी कसला, चौदा कोंबड्यांची चोरी. शांत माणूस. जीप गडगडत खाली आली, सुरू झाली नाही, माझ्या दारात थांबली. आता सपाट रस्ता. ड्रायव्हर स्टिअरिंगवर, तांबे आणि दुसरे एक शिपाई ढकलायला, तरी हलेना. मग आरोपीलाही लावलं. तो अंगाने दणकट होता. त्याने खांदा लावला मात्र, जीप सुरू.

आता ड्रायव्हरला मी आधीच सांगून ठेवलं होतं, की एकदा सुरू झाली की थांबू नकोस, बंद पडेल. तो थांबला नाही. तांबे आणि शिपाई धावत धावत चढले. आरोपी मागे राहिला. जीप धुक्यात दिसेनाशी झाली.

तो रस्त्यात उभा, मी दारात उभी. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मग येऊन शेकोटीजवळ बसला. मी चहा दिला. तो म्हणाला, "मावशी, पळालो आसं लावतील का हो आता मला?"

मी म्हटलं, "तू कुठे पळालास? ते पळाले."

हे त्याला पटलं. अर्ध्या तासाने जीप आली, लांबूनच तांब्यांचा चेहरा राखेसारखा झालेला दिसत होता. नोकरी गेली असंच धरून चालले होते. आरोपीला चहा पिताना पाहिलं आणि त्यांनी त्याला मिठी मारली. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून ओरडत होता, लवकर बसा, बंद पडेल. आरोपी मात्र जागचा हलला नाही. तो म्हणाला, आधी गाडी बंद करा आणि परत सुरू करून दाखवा, वाटेत पुन्हा ढकलायचं असेल तर मी यष्टीने येतो, तुम्ही फक्त कोर्टाचा नंबर सांगा.

*

गुलाबरावांची बंदूक ठाण्यात गंजू नये म्हणून त्यांनी एका निवडणुकीला तिला चाकाचं ग्रीस फासलं. भरपूर. बाहेरून, आतून, बिजागरीत. निकाल लागून बंदूक परत आली ती जानेवारीत. ग्रीस मेणासारखं गोठलेलं, बंदूक उघडेना. ती घेऊन ते माझ्याकडे आले, जीपमधून उतरले आणि म्हणाले, आक्का, हिला सेल्फ नाही का मारता येणार?

मी आत कामात होते. नामदेव, माझा मिस्तरी, पन्नाशीचा, हाताला चांगला पण डोक्याला आराम देणारा. त्याने विचार केला की ग्रीस आहे, ऊब लागली की सुटेल. त्याने बंदूक शेकोटीच्या कडेला विटांवर ठेवली, नळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पाच मिनिटं गेली. मग गुलाबरावांनी सहज विचारलं, "नामदेव, आत काडतूस नाय ना?"

नामदेव म्हणाला, "बंदूक तुमची हाय."

"मला आठवत नाय," गुलाबराव म्हणाले.

मी बाहेर आले तेव्हा गॅरेजसमोर पाच माणसं पालथी पडलेली. दोघे उतारावरचे ड्रायव्हर होते, एक तांबे, गुलाबराव फेट्यासकट, नामदेव सगळ्यांत मागे. कोणी उठून बंदूक बाजूला घेईना, कारण उठलं तर नळीसमोर यावं लागणार असं प्रत्येकाला वाटत होतं. तांबे झोपल्या झोपल्या पंचनाम्याची भाषा बोलत होते. तेवढ्यात एक स्कूटरवाला पंक्चर काढायला आला. त्याने पाच माणसं, त्यांत एक पोलीस, बघितली, स्कूटर लावली आणि काही न विचारता तोही पालथा पडला. मग आणखी एक सायकलवाला. तोही.

बऱ्याच वेळाने सायकलवाल्याने शेजारच्याला हळूच विचारलं, "कुणासाठी हाय हे?"

मी सरळ मागून गेले, सांडशीने बंदूक उचलली, भिंतीकडे तोंड केलं आणि उघडली. ग्रीस पातळ झालं होतं, खटकन उघडली. काडतूस नव्हतं. थंडीने आखडून बसलेली एक पाल मात्र होती. उबेने ती जागी झाली होती. नळीतून बाहेर आली आणि टुणकन खाली पडली.

दोन नळ्यांसमोर अर्धा तास निपचित पडलेले सात मर्द त्या पालीला बघून उठले आणि थेट पुलापर्यंत पळाले. तांबे सर्वांत पुढे.

*

दोन हजार तीन किंवा चार असेल. मी बासष्ट वर्षांची. परवान्याच्या कचेरीत नवे साहेब आले होते. त्यांचं पत्र आलं: परवानाधारक महिलेचे वय लक्षात घेता शस्त्र कायमचे शासनजमा का करू नये, याचा खुलासा शस्त्रासह समक्ष हजर राहून करावा. वर्षाचा शेवटचा दिवस, सकाळी अकराच्या आत. चुकलं तर परवाना संपला, बंदूक गेली.

पत्राची बातमी माझ्याआधी नाना भावजींना लागली. ते आले, फार गोड बोलले. म्हणाले, वहिनी, आता या वयात कशाला ते, देऊन टाका सरकारला. बोलता बोलता शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि ओठ हलत होते. मी विचारलं, काय मोजताय? म्हणाले, काही नाही, नामस्मरण. एका पावलाला एक नाम घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवशी सकाळी मी पाचलाच उठले. अशी थंडी माझ्या उभ्या आयुष्यात पडली नव्हती. पिंपातल्या पाण्यावर पापुद्रा आला होता. उतारावर सात गाड्या. पहिली गुलाबरावांची. त्यांनी ब्रेक सोडला, जीप निम्म्यावर आली, मागचं चाक जाम झालं आणि जीप त्या अरुंद रस्त्यात आडवी होऊन बसली. मागे सहा गाड्या अडकल्या. पाणी ओतलं, चिंध्या पेटवून खाली धरल्या, गुलाबरावांनी जीपच्या पायाही पडून घेतलं. आठ वाजले. बसस्टँडवरून निरोप आला की पहिली यष्टीही सुरू व्हायची आहे.

माझ्या शेडमध्ये एकच गाडी होती. शेजारच्या गावातल्या एका मंडळाचा वैकुंठरथ. आदल्या दिवशीच नामदेवने त्याचे हीटर प्लग नवीन टाकले होते. नामदेवने चावी फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. त्याबरोबर वरच्या कर्ण्यातून भजनही सुरू झालं. मी म्हटलं, ते बंद कर. तो म्हणाला, हीटरची आणि भजनाची वायर एकच केलीय, भजन बंद केलं तर गाडी बंद.

मी पुढे बसले. बंदुकीला दव लागू नये म्हणून ती पांढऱ्या धोतरात गुंडाळून मागे मधल्या फळीवर आडवी ठेवली. ती घसरू नये म्हणून शेजारी गुलाबराव बसले, पांढरे कपडे, पांढरा फेटा. मागची बाजू उघडी. वाऱ्याने त्यांच्या नाकाडोळ्यांतून जी धार लागली ती नाशिकपर्यंत थांबली नाही.

चांदोरीपर्यंत लोक नुसते थांबून हात जोडत होते. आडगाव नाक्याला दोन स्कूटर मागे लागल्या. मग एक रिक्षा. आपल्याकडे असं आहे, मागून चालू लागायचं, कोण गेलं हे नंतर कळतंच. निमाणीपाशी एक फूलवाली धावत आली आणि तिने त्या गुंडाळीवर झेंडूचा हार ठेवला. गुलाबरावांनी हात जोडले. ती म्हणाली, "दादा, लहानच होतं का हो?" गुलाबरावांनी नाक पुसलं.

पंचवटीत येईपर्यंत मागे चाळीसएक माणसं. पुढचे स्कूटरवाले सवयीने अमरधामकडे वळले. आमची गाडी वळली नाही, सरळ पूल ओलांडायला निघाली. मागे गोंधळ उडाला. एक जाड मिशांचा स्कूटरवाला स्कूटर दामटत माझ्या खिडकीशी आला.

"आजी, नेताय कुठं?"

"कचेरीत."

त्याने क्षणभर मागे त्या छोट्या गुंडाळीकडे, रडणाऱ्या गुलाबरावांकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. "बरोबर हाय," तो म्हणाला. "तिथंच न्यायला पाहिजे." आणि पुढे जाऊन आमच्यासाठी ट्रॅफिक बाजूला करायला लागला.

कचेरीच्या आवारात गाडी शिरली तेव्हा पावणेअकरा. माणसं दीडशेच्या वर. नामदेव गाडी बंद करायला घाबरत होता, त्यामुळे भजन चालूच. मिशांचा स्कूटरवाला पायरीवर चढून सगळ्यांना सांगत होता, की साहेबांची सही झाल्याशिवाय कोणी उचलायचं नाही. कशावर सही, हे त्याला माहीत नव्हतं. लोक आवारात मांडी घालून बसले.

साहेब बाहेर आले. तरुण होते. गर्दी पाहून हात जोडूनच आले. मी खाली उतरले आणि पत्र पुढे केलं. म्हटलं, "तुम्ही समक्ष बोलावलं होतं."

त्यांनी पत्र पाहिलं, मला पाहिलं, हार घातलेली गुंडाळी पाहिली. मागून मिशांच्या स्कूटरवाल्याचा आवाज आला, "आधी सही." मग दहा-पंधरा आवाज आले. साहेबांनी कारकुनाला फाइल बाहेरच आणायला लावली. वैकुंठरथाच्या बॉनेटवर ठेवून, भजनाच्या तालावर, माझा परवाना तीन वर्षांसाठी वाढवला. शिक्काही तिथेच मारला, इंजिनाच्या थरथरीने तो दोनदा उमटला.

मी परवाना घडी घालून कमरेला खोचला. मागे गेले, धोतर सोडलं, हार काढला, बंदूक उघडून रिकामी असल्याचं त्यांना दाखवलं आणि खांद्याला अडकवली. आवारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, भजन नसतं तर.

हार मी साहेबांच्या हातात दिला.

त्यांनी तो घेतला. माझ्या जवळ आले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, पण गेलं कोण?"

मी पुढच्या सीटवर चढून बसले. म्हटलं, "ते अजून ठरलेलं नाही."

नामदेवने गिअर टाकला.